फुटल्या डोक्याचे गाव कोणते?

कोल्हापूरहून मिरजेकडे निघालेल्या आगगाडीने जरा वेग घेतला न घेतला तोच वळिवडे येते. शेजारचे गांधीनगर म्हणजे आज कापडाची मोठी पेठ. दुकानांच्या पाट्यांमागे सिंधी बोलणे ऐकू येते, आणि लग्नसराईत आमच्या रत्नागिरीची मंडळीदेखील आंबा घाट चढून तेथे बस्ता बांधावयास जातात. साड्यांचे गठ्ठे सोडवून दाखवणाऱ्या त्या दुकानदारांच्या आजोबांना ही जागा मिळाली तेव्हा ती काही कोरी नव्हती. त्यांच्या आधी येथे पोलिश माणसे राहून गेली होती.

ही हकीकत थोडक्यात सांगतो. १९४० आणि १९४१ साली सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडातील लाखो माणसे उचलून सैबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकली. पुढे हिटलरने रशियावरच चाल केली, तेव्हा त्यांची सुटका झाली. १९४२ साली त्यांतील बरीच माणसे कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या किनाऱ्याला लागली आणि तेथून काही हिंदुस्थानात आली. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडी येथे मुलांना थारा दिला, हे पुष्कळांना ठाऊक असते. कोल्हापूर संस्थानात वळिवड्याला १९४३ साली जी छावणी उठली ती त्याहून कितीतरी मोठी होती, सुमारे पाच हजार माणसांची. त्यांत बहुतेक बाया, मुले आणि म्हातारी. त्यांच्या शाळा होत्या, देऊळ होते, आणि इस्पितळही होते. १९४८ पर्यंत ती छावणी उठली. कोणी इंग्लंडला गेले, कोणी आणीक दूर. रिकाम्या झालेल्या बराकींत फाळणीने परागंदा झालेले सिंधी येऊन राहिले. एका निर्वासिताचे अंथरूण निघाले आणि त्याच जागी दुसऱ्याचे पडले.

मला या सगळ्यात त्या इस्पितळाचे कुतूहल फार. इराणच्या किनाऱ्यावर ही माणसे विषमज्वराने आणि अतिसाराने किड्यामुंग्यांसारखी मेली होती. वळिवड्याला मात्र त्यांना खाट मिळाली, औषध मिळाले आणि त्यांच्याच भाषेत ‘कुठे दुखते?’ असे विचारणारे माणूस मिळाले. यांतले शेवटचे किती मोलाचे आहे याचा विचार आपण सहसा करीत नाही. मीही केला नव्हता. तो करावयास मला एका फुटलेल्या डोक्याने लावले. त्याची गोष्ट पुढे येईलच. आधी डोक्याविषयीच बोलू. मी शाळामास्तर, वैद्यकी माझी नव्हे. परंतु जे वाचले आणि जाणत्यांना विचारून घेतले ते असे.

आपण कोकणातली माणसे, तेव्हा नारळाचा दाखला सोयीचा. कवटी ही करवंटी आणि मेंदू हा आतला गर; त्याच्या भोवती थोडे पाणी. करवंटीला ताणता येत नाही. हात सुजला तर कातडी ताणते, पोट फुगले तर पोट वाढते. मेंदू सुजला किंवा आत रक्त साकळले तर त्याने जावे कुठे? तो स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबू लागतो. म्हणून डोक्याला मार दोनदा बसतो असे डॉक्टर म्हणतात. पहिला मार दगडाचा, रस्त्याचा, झाडावरून पडण्याचा. तो क्षणात होतो आणि त्यावर कोणाचाच इलाज चालत नाही. दुसरा पुढच्या तासांत आणि दिवसांत बसतो. श्वास अडकतो, रक्तदाब खाली जातो, आणि उपाशी राहिलेला मेंदू मरू लागतो. पहिल्या तासांत रक्तदाब एकदा जरी फार खाली गेला तरी मरणाचा धोका जवळजवळ दुपटीने वाढतो, हे १९९३ सालच्या अमेरिकेतील मोठ्या पाहणीत दिसून आले. अतिदक्षता विभाग म्हणून काचेच्या दारापलीकडची जी खोली असते, तिचे डोक्याच्या जखमेपुरते मुख्य काम म्हणजे हा दुसरा मार चुकविणे.

ही खोली जन्माला आली तीही एका साथीत. १९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगनला पोलिओने थैमान घातले. ब्लेगडॅम इस्पितळात पहिल्या काही आठवड्यांत श्वासाचे स्नायू लुळे पडलेले ३१ रुग्ण आले आणि त्यांतले २७ दगावले. लोखंडी फुप्फुस म्हणत ते यंत्र साऱ्या इस्पितळात एकच. तेथले प्रमुख डॉक्टर लासेन यांनी ब्यर्न इब्सेन या भूल देणाऱ्या डॉक्टराला बोलाविले. इब्सेनने ऑगस्टअखेर एका बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्याला भोक पाडून नळी घातली आणि रबरी पिशवी हाताने दाबून दाबून तिला श्वास दिला. मुलगी जगली. पण मग पिशवी दाबावयाची कोणी? शहरातले वैद्यकीचे विद्यार्थी पाळ्या लावून बसले, एकूण सुमारे १५०० पोरे. रात्रंदिवस, महिनोन्‌महिने, एकेका रोग्याच्या उशाशी बसून त्यांनी दुसऱ्याचा श्वास आपल्या मुठीने चालविला. मृत्यूचे प्रमाण झपाट्याने उतरले. पुढच्या वर्षी इब्सेनने अशा रोग्यांसाठी वेगळा विभागच काढला. आजच्या साऱ्या अतिदक्षता विभागांचे हे मूळ. यंत्रे मागाहून आली. प्रथम होते ते जागे राहिलेल्या माणसांचे हात.

डोक्याच्या जखमांची कथा याच्याही आधी युद्धात सुरू झाली होती. १९३५ साली ‘अरबस्तानचा लॉरेन्स’ मोटारसायकलवरून पडला आणि काही दिवसांनी डोक्याच्या माराने गेला. त्याला पाहावयास आलेल्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स हे शल्यविशारद होते. त्यांनी तो मृत्यू मनाला लावून घेतला, लष्करी मोटारसायकलवाल्यांच्या मृत्यूंची छाननी केली आणि १९४१ साली शिरस्त्राणाची बाजू मांडली. आज आमची पोरे हेल्मेट आरशाला अडकवून फिरतात, त्यांना हे कोणी सांगावे! आपल्याकडे १९४९ साली वेल्लोरला डॉ. जेकब चांडी यांनी आणि १९५० साली मद्रासला डॉ. बी. राममूर्ती यांनी मेंदूच्या शस्त्रक्रियेचे विभाग सुरू केले. मुंबईत हे काम रुजविणाऱ्यांत डॉ. राम गिंडे हे आपल्या बेळगावकडचे. चांडी आणि गिंडे हे दोघेही कॅनडात वाइल्डर पेनफील्ड यांच्या हाताखाली शिकून आलेले.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. परक्या मुलखातून जीव घेऊन आलेला माणूस आणि त्या गावचाच माणूस, दोघांचीही डोकी फुटली आणि दोघांना शेजारशेजारच्या खाटा मिळाल्या, तर दोघे सारखेच वाचतात काय? २०११ नंतर सीरियातून लाखो लोक तुर्कस्तान, लेबनॉन आणि जॉर्डनमध्ये गेले, तेव्हा सरहद्दीवरच्या इस्पितळांपुढे हा प्रश्न रोजच्या रोज उभा राहिला. कोणी म्हणेल, दोघांचे आकडे मोजा म्हणजे झाले. पण मास्तरकीमुळे मला आकड्यांचे एक लबाड अंग चांगले ठाऊक आहे. एका वर्गातली मुले घरी जेवून, झोपून परीक्षेला बसली आणि दुसऱ्या वर्गातली रात्रभर चालून आली. मग दोन्ही वर्गांचे निकाल शेजारी मांडून कोण हुशार ते ठरविणे हा न्याय नव्हे. सीमेपलीकडून आलेला जखमी बहुधा जवान, त्याच्या डोक्यात गोळी किंवा बॉम्बचा तुकडा, आणि तो कित्येक तासांनी, कधी दिवसांनी पोचलेला. स्थानिक रोगी पुष्कळदा म्हातारा, न्हाणीघरात घसरून पडलेला, नाहीतर मोटारीखाली सापडलेला आणि तासाभरात खाटेवर आणलेला. यांची तुलना करावयाची तर वय, जखमेची जात, आल्यावेळची शुद्ध आणि वाटेत गेलेला वेळ हे सगळे पाहूनच करावी लागते. आणि मेंदू इतका प्रामाणिक की तो यांतले सगळे मोजतो. तो फक्त माणसाचे नागरिकत्व मोजत नाही.

महागडे साधन असले म्हणजे सारे साधते, हाही भ्रम. डोक्यातला दाब मोजणारी बारीक तार कवटीत बसविण्याची पद्धत श्रीमंत देशांत रूढ आहे. बोलिव्हिया आणि इक्वाडोर या गरीब देशांत ३२४ रोग्यांवर तिची परीक्षा झाली आणि २०१२ साली निकाल आला. तार बसवून उपचार केलेले आणि तार न बसविता वारंवार तपासून, फोटो काढून उपचार केलेले, या दोहोंत फरक आढळला नाही. त्याही आधी, २००४ साली, ४९ देशांतील दहा हजारांवर रोग्यांच्या पाहणीने दाखवून दिले की डोक्याच्या मारावर वर्षानुवर्षे विश्वासाने टोचली जाणारी स्टेरॉइडे उलट मरणे वाढवीत होती. औषध काढून घेतल्याने जीव वाचावेत, हा वैद्यकीतला मोठा विचित्र धडा.

मग परक्याचे नुकसान होते ते कुठे? माझ्या डोळ्यांपुढचे सांगतो.

आमच्याकडे आंब्याच्या बागा राखावयास नेपाळी माणसे असतात. बागेतच झोपडी, बायकापोरे तिथेच, आणि सगळ्यांना सरसकट नाव एकच, गुरखा. ते निर्वासित नव्हेत, पोटासाठी आलेले. पण खाटेवर पडले की दोघांत अंतर फारसे उरत नाही. २०२३ च्या एप्रिल महिन्याच्या अखेरीस शेजारच्या बागेतला असा एक जण झेला घेऊन चढला असता फांदी मोडून खाली आला. बागायतदार धावत माझ्याकडे आले. “मास्तर, तुमी चला वायच संगती. तुमाला हिंदी येतंय.” आम्ही त्याला दवाखान्यात नेले. तो जागा होता, डोके धरून बसला होता. परिचारिका तरुण होती, मन लावून काम करणारी. तिने मराठीत विचारले, मी हिंदीत सांगितले. नाव? त्याने सांगितले. कुठे आहेस? ‘मालकाबरोबर.’ महिना कोणता? ‘वैशाख.’ साल? ‘दोन हजार ऐंशी.’ तिने माझ्याकडे पाहिले आणि कागदावर लिहिले, गोंधळलेला.

यात तिचा दोष नाही. १९७४ साली ग्लासगोच्या टीझडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी शुद्ध मोजण्याची एक पट्टी बनविली. तीच आज जगभर चालते. डोळे उघडण्याचे चार गुण, बोलण्याचे पाच, हातपाय हलविण्याचे सहा. सगळे मिळून पंधरा. आणि कमीत कमी तीन, कारण शून्य देण्याची सोय त्यात नाही. बोलण्याचे पुरे पाच मिळवावयाचे तर स्वतःचे नाव, ठिकाण आणि काळ नीट सांगता आला पाहिजे. ही पट्टी फार गुणाची. कोणीही, कुठेही, नुसते पाहून आणि विचारून ती भरू शकतो. पण तिच्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे : विचारणारा आणि उत्तर देणारा एकाच बोलीचे आणि एकाच पंचांगाचे असणार. छावणीतून उचलून आणलेल्या माणसाला ‘तू कुठे आहेस?’ हे धडधाकट असतानाही सांगता येईलच असे नाही.

मी त्या मुलीला म्हटले, “बाई, नेपाळात विक्रम संवत चालतो. तिथे मध्य एप्रिलला वर्ष बदलले, दोन हजार ऐंशी लागले, आणि महिनाही वैशाखच. तो बरोबर सांगतो आहे.” (पाडव्याला आपणही वह्यापूजनात संवतच बदलतो, त्यांचा वैशाखात बदलतो, एवढाच फरक.) तिने लिहिलेले खोडले आणि चाराचे पाच केले, पंधरा पैकी पंधरा. हा एक गुण म्हणजे काय हे मला दोन तासांनी कळले. तेव्हा तिने पुन्हा विचारले आणि तो वैशाख म्हणेना, ऐंशी म्हणेना, बायकोचे नावही चुकू लागला. आकडा उतरलेला दिसताच डॉक्टरांनी १०८ ची रुग्णवाहिका मागविली. पहिल्याच नोंदीत ‘गोंधळलेला’ राहिले असते तर पुढे तो खरोखर गोंधळला तरी कागदावर सारे जसेच्या तसेच दिसले असते. कवटी आणि मेंदूवरचे आवरण यांच्यामध्ये रक्त साकळत होते. अशा रोग्याला काही काळ बरे वाटते आणि मग तो भराभर उतरतो. वेळ निसटली तर निसटलीच. तो आंबा घाटाने रात्री कोल्हापूरला पोचला आणि तेथे त्याचे रक्त काढले.

हा घाट आम्हा रत्नागिरीकरांच्या नशिबी पूर्वीपासून आहे. आता जिल्ह्यात डेरवणला वैद्यकीय महाविद्यालय झाले, २०२३ पासून रत्नागिरीतही सरकारी महाविद्यालय सुरू झाले. तरी मेंदूचे काम म्हटले की पुष्कळदा कोल्हापूर नाहीतर मुंबई. कोल्हापूर सव्वाशे किलोमीटरच्या वर, मुंबई त्याच्या अडीचपट. म्हणजे घाट ओलांडला की आम्हीही परगावचेच होतो. काचेच्या दाराबाहेर वळकटी टाकून बसलेला खेडवळ कोकणी म्हातारा आणि त्याच्या पलीकडे बसलेली नेपाळी बाई, यांत कोण स्थानिक आणि कोण उपरा हे मला तरी सांगता आले नसते.

कायद्याने हा प्रश्न आपल्यापुरता कधीच सोडविला आहे, आणि तोही एकाच वर्षात दोन बाजूंनी. जुलै १९९२ मध्ये बंगालमधील एक शेतमजूर आगगाडीतून पडला. डोक्याला जबर मार, मेंदूत रक्तस्राव. त्याला घेऊन माणसे कलकत्त्यातील एकामागून एक सरकारी इस्पितळांच्या पायऱ्या चढली आणि उतरली. कुठे खाट रिकामी नव्हती, कुठे सोय नव्हती. अखेर खाजगी इस्पितळात पदरचे पैसे मोडून त्याने जीव वाचविला. बंगालात बंगालीच माणूस! गावचे असणे त्याच्या कामी आले नाही. मे १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तातडीचा उपचार नाकारणे म्हणजे राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमातील जगण्याचा हक्कच नाकारणे आहे, आणि त्याला पंचवीस हजार रुपये भरपाई देवविली. त्याच वर्षी जानेवारीत अरुणाचलातील चकमा निर्वासितांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटले होते की हे कलम नागरिकांपुरते नाही, या भूमीवरच्या प्रत्येक माणसाला ते लागू आहे. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही, हे खरे. पण हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचले तर फुटलेल्या डोक्याला गाव विचारण्याचा अधिकार कुणालाच उरत नाही.

कागदाचा प्रश्न मात्र उरतो. खाट मिळाली, शस्त्रक्रिया झाली. पण त्यानंतर दिवसामागून दिवस चालणाऱ्या खर्चाचे काय? सरकारी आरोग्ययोजनेला शिधापत्रिका लागते, नाहीतर राज्यातील अधिवासाचा दाखला. बागेतल्या झोपडीला कसला आला अधिवास! आमच्या बागायतदारांनी खिशातून घातले आणि आंबे पाठवून काही फेडले. त्यांनी ते हसतमुखाने केले असे मी म्हणणार नाही, पण केले. ज्याला असा मालक नाही तो माणूस लवकर घरी नेला जातो, आणि लवकर घरी नेलेला माणूस मोजणीच्या वहीत ‘बरा होऊन गेला’ असाच दिसतो.

दुसरी उणीव उशापायथ्याच्या माणसाची. आपल्या इस्पितळांत निम्मी शुश्रूषा नातेवाईक करतात. कूस वळविणे, तोंड पुसणे, नाकातल्या नळीतून पेज देणे, आणि सर्वांत मोठे म्हणजे कानाशी ओळखीच्या आवाजात हाक मारणे. त्या नेपाळ्याची बायको आत जाऊन त्याच्याशी बोले, ते आम्हांला कळत नसे. पण तिसऱ्या दिवशी त्याने डोळे उघडले ते तिच्या बोलण्यावर, डॉक्टरांच्या किंवा माझ्या हिंदीवर नव्हे. वळिवड्याच्या इस्पितळात पोलिश बोलणारी माणसे होती याचे मोल मला त्या दिवशी कळले.

ग्लासगोच्याच जेनेट यांनी बाँड यांच्यासह १९७५ साली आणखी एक पट्टी दिली, ती शेवटच्या निकालाची. तिला पायऱ्या पाच. मृत्यू, डोळे उघडे पण जाण नाही अशी अवस्था, परावलंबी अपंगत्व, स्वतःचे करता येईल इतपत अपंगत्व, आणि चांगली सुधारणा. वाचला की मेला एवढ्यावर भागत नाही, हे या पट्टीने डॉक्टरांना शिकविले. सूज उतरावी म्हणून कवटीचा तुकडा काढून ठेवण्याची शस्त्रक्रिया असते. तिने मरणे पुष्कळ कमी होतात, पण वाचलेल्यांत अंथरुणाला खिळलेलेही वाढतात, हे २०१६ च्या एका मोठ्या पाहणीत दिसले. घरच्यांना विचारूनच तो निर्णय घ्यावा असे म्हणतात. ज्याचे घरचे सरहद्दीपलीकडे राहिले, त्याच्याविषयी विचारावयाचे कोणाला?

आमचा माणूस पाचव्या पायरीवर आहे. पुढच्या हंगामात तो बागेत परत आला, चालतो, मोजतो, पेट्या बांधतो, रात्री बॅटरी घेऊन माकडे हाकलतो. डोक्याचे केस वाढल्यामुळे टाक्यांची खूणही दिसत नाही. फक्त त्याचा वास गेला. डोके आपटले की नाकातून मेंदूकडे जाणारे बारीक तंतू तुटतात आणि ते पुष्कळदा परत येत नाहीत, असे डॉक्टरांनी सांगितले. त्या पट्टीत याला गुण नाहीत. पेंढ्यात आंबा पिकला की सारे घर घमघमते. अढीजवळून जाताना आम्ही न पाहता सांगतो की वरचा थर उतरला पाहिजे. तो आता पेंढा बाजूला करतो, एकेक फळ हातात घेऊन बोटाने हळूच दाबून पाहतो, आणि खात्री नसली की बायकोला हाक मारतो.